ख्रिस्टिना रोझेटीच्या काव्यामागील धार्मिक व सामाजिक पार्श्वभूमी

प्रस्तावना :
ख्रिस्टिना रोझेटी (१८३०–१८९४) ही व्हिक्टोरियन कालखंडातील श्रेष्ठ इंग्रज कवयित्री होय. तिच्या काव्यातील विरक्तीचा उगम दीर्घकाळ असफल प्रेमात शोधला गेला. बंधू विल्यम मायकेल याने १९०४ मध्ये चरित्रासह संपादित केलेल्या तिच्या काव्यसंग्रहाने या दृष्टिकोनास बळ दिले. तथापि या विरक्तीची मुळे तत्कालीन धर्मजीवनात व स्त्रीजीवनात आहेत, हे प्रस्तुत लेखात मांडले आहे.

धार्मिक पार्श्वभूमी :
१८३३ मध्ये जॉन केबल याच्या प्रवचनाने सुरू झालेल्या ऑक्सफर्ड चळवळीने चर्च ऑफ इंग्लंडमध्ये प्राचीन उपासनाविधी, पापनिवेदन व व्रतस्थ जीवन यांना पुन्हा प्रतिष्ठा मिळवून दिली. रोझेटी भगिनी व त्यांची माता लंडनमधील अल्बनी स्ट्रीटवरील ज्या क्राइस्ट चर्चमध्ये जात, ते या चळवळीचे एक केंद्र होते. धर्मसत्य संयमाने प्रकट करावे, हे आयझॅक विल्यम्सने मांडलेले तत्त्व विचारात घेतल्यास रोझेटीच्या कवितेतील मितभाषित्व ही स्वीकारलेली शिस्त ठरते. चित्रकार जेम्स कॉलिन्सन याच्याशी ठरलेला तिचा विवाहही तो पुन्हा रोमन कॅथलिक पंथात गेल्यामुळे १८५० मध्ये मोडला. म्हणजेच ‘असफल प्रेमा’चे कारणही धार्मिकच होते.

सामाजिक पार्श्वभूमी :
१८५१ च्या जनगणनेत ब्रिटनमध्ये पुरुषांपेक्षा स्त्रियांची संख्या अधिक आढळली. १८६२ मध्ये डब्ल्यू. आर. ग्रेग याने अविवाहित स्त्रियांना ‘अतिरिक्त’ लेखून त्यांना वसाहतींत पाठविण्याचा उपाय सुचविला. १८४५ पासून स्थापन होऊ लागलेल्या अँग्लिकन भगिनीसंघांनी अशा स्त्रियांना कुटुंबाबाहेरचे कार्यक्षेत्र दिले. ख्रिस्टिनाची भगिनी मारिया ‘ऑल सेंट्स’ संघात दाखल झाली. ख्रिस्टिनाने स्वतः १८५९ पासून सुमारे दशकभर हायगेट येथील ‘पतित’ स्त्रियांच्या आश्रमात सेवा केली.

‘गॉब्लिन मार्केट’ या काव्याच्या हस्तलिखितावर एप्रिल १८५९ ही तारीख असून ते १८६२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यामुळे ते आश्रमातील अनुभवाचे फलित मानण्याऐवजी दोहोंची प्रेरणा एकच होती, असे म्हणणे अधिक सयुक्तिक ठरेल. मोहाची फळे खाऊन खंगलेल्या लॉराला तिची बहीण लिझी स्वतः यातना सोसून वाचविते. तत्कालीन साहित्यात अशा स्त्रीचा शेवट बहुधा मृत्यूत होई. लॉरा मात्र पुढे पत्नी व माता होते. दोष येथे फळविक्रेत्या गॉब्लिनांवर येतो. याउलट १८६४ च्या सांसर्गिक रोग कायद्याने वैद्यकीय तपासणीची सक्ती केवळ स्त्रियांवर लादली.

या आश्रमांना मर्यादाही होत्या. ‘पतित’ ही संज्ञाच सेविका व आश्रित यांतील वर्गभेद दृढ करीत असे.

निष्कर्ष :
रोझेटीच्या काव्यात स्त्रीच्या उद्धाराचे कार्य स्त्रीच करते. या कल्पनेला भगिनीसंघांचा प्रत्यक्ष आधार होता. या परंपरेचा महाराष्ट्राशीही संबंध आला. ‘ऑल सेंट्स’ संघाच्या भगिनी १८७८ मध्ये मुंबईस आल्या. वाँटेज येथे १८८३ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या पंडिता रमाबाईंनी तेथील भगिनींचे फुलहॅम येथील पतितोद्धाराचे कार्य पाहिले. पुढे केडगाव येथे त्यांनी ‘कृपासदन’ उभारले. म्हणून रोझेटीचे काव्य अध्यापनात केवळ प्रेमवैफल्याचे उदाहरण म्हणून न मांडता स्त्री-इतिहासाचे साधन म्हणूनही अभ्यासले जावे.