दादरचा शिशुविहार आणि अंगणांतली शाळा

महोत्सवाच्या वर्षीं पूर्वजांनीं उभारलेल्या वास्तूंचें आपण कृतज्ञतेनें स्मरण करतों. त्याच वेळीं आपल्या या दादर-परळ भागांत बालशिक्षणाचें जें थोर कार्य आरंभलें गेलें, त्याचा वृत्तांतही धर्मग्रामस्थांस सादर करावा असें वाटतें.

मूल म्हणजे रिकामें मडकें आणि शिक्षण म्हणजे त्यांत पाठांतर ओतणें, अशी समजूत दीर्घकाळ होती. तिला जबर धक्का दिला तो डॉ. मारिया मॉंटेसरी या इटालियन कॅथलिक विदुषीनें. १९०७ सालीं रोमच्या सान लोरेंझो या मजूरवस्तींत त्यांनीं बालगृह उघडलें. मूल हातांनीं काम करतां करतां शिकतें; शिक्षकानें हुकूम थोडे सोडावेत आणि निरीक्षण अधिक करावें, हें त्यांच्या पद्धतीचें सार होय. भावनगरच्या दक्षिणामूर्ति संस्थेंत गिजुभाई बधेका यांनीं ती आपल्या देशास मानवेल अशी केली. मुंबईंत १८९२ सालीं जन्मलेल्या ताराबाई मोडक तेथें त्यांच्या सहकारी झाल्या. १९२६ सालीं नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला, आणि १९३६ सालीं ताराबाईंनीं दादरच्या हिंदू कॉलनींत शिशुविहार सुरू केला.

परंतु येथें एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे. जी पद्धत रोममध्यें मजुरांच्या लेंकरांसाठीं जन्मास आली, तीच साधनें महाग असल्यामुळें बहुधा सुखवस्तु घरांच्या वाट्यास जाऊं लागली. गरिबाचें मूल दाराबाहेरच राहिलें. त्या मुलापर्यंत पोहोंचण्यासाठीं ताराबाई १९४५ सालीं त्या वेळच्या ठाणें जिल्ह्यांतील बोर्डी गांवीं गेल्या. अनुताई वाघ तेथें त्यांस येऊन मिळाल्या.

दलित वस्तींतील मुलें बालवाडींत येईनात, तेव्हां शिक्षिकाच वस्तींत जाऊं लागल्या. मुलांस स्वच्छ करावें, अंगणांत बसवावें, गाणीं म्हणावींत, गोष्टी सांगाव्यात. विकत आणलेल्या साधनांच्या जागीं बिया, खडे, पानें व शिंपले आले. हीच अंगणवाडी होय. १९५७ सालीं हें कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेलें. तेथील वारली मुली शाळेस येत नसत, कारण कडेवर धाकटें भावंड असे. म्हणून पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच आवारांत आणून विकासवाडी उभारली. मुलगे गुरें राखीत. त्यांच्यासाठीं शिक्षक कुरणांत गेले, ती कुरणशाळा. पुढें १९७५ सालीं केंद्र सरकारनें एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, तेव्हां तिच्या केंद्रांसही अंगणवाडी हेंच नांव मिळालें.

मूल शाळेंत वा धर्मशिक्षणाच्या वर्गास येईनासें झालें, कीं आपण त्याच्या आळसास किंवा आईबापांच्या अनास्थेस दोष देतों. ताराबाईंनीं व अनुताईंनीं मुलाच्या कडेवर काय आहे तें प्रथम पाहिलें, आणि शाळेचा घाट बदलला. आपल्या धर्मग्रामांतही आई कामावर जाते म्हणून घर सांभाळणारी मुलगी असेल. चाळीच्या एका खोलींत अभ्यासास जागा नसलेला मुलगा असेल. महोत्सवाच्या निधींतून काय उभारावें, याचा विचार करतांना त्या दोघांस आपण विसरूं नये.