पहिला पाऊस आणि खोडातला भुसा

लासलगावच्या बाजारात उद्या कांद्याचा भाव काय निघेल, हे ज्योतिषाला विचारून कोणी ठरवीत नाही. आवक किती, माल ओला की सुका, हे पाहून जाणता माणूस अंदाज बांधतो. तो चुकतोही, पण डोळे मिटून बांधलेला नसतो. आज अशाच एका अंदाजाची हकीगत सांगायची आहे. ती आहे मंडल्याच्या रानातली, पण तिचा धागा आपल्या द्राक्षबागेपर्यंत येतो.

मंडला जिल्हा त्या वेळी मध्यप्रांत व वऱ्हाडात होता. राजधानी आपले नागपूर. तिथल्या डोंगरांवर शालवृक्षांची दाट राने. हिंदीत त्याला साल म्हणतात. आपण शालच म्हणू, नाहीतर झाडाच्या सालीशी घोटाळा व्हायचा! या रानात १९२३ ते १९२८ या काळात एका भुंगेऱ्याने सुमारे ७० लाख झाडे मारली. लांब मिशांचा हा किडा पहिला जोरदार पाऊस झाला की खोडातून बाहेर पडतो. मादी सालीच्या फटींत अंडी घालते. अळी आधी सालीखाली पोसते, मग थेट गाभ्यात शिरते. बुडाशी भुशाचा ढीग दिसतो तेव्हा झाड बहुधा हातचे गेलेले असते.

आता तुम्ही म्हणाल, ही धाड आली कुठून? कुठूनच नाही. किडा रानातच होता. देहरादूनच्या वनसंशोधन संस्थेत बीसन नावाचे कीटकशास्त्रज्ञ होते. १९४१ साली त्यांनी भारतातल्या जंगली कीटकांवर मोठा ग्रंथ लिहिला. त्यांच्या काळातल्या अभ्यासातून उलगडले ते असे : एरवी हा किडा पडलेल्या, तोडलेल्या, वठलेल्या झाडांवर जगतो. धडधाकट झाड राळ सोडून अळीला तिथेच बुडवते. पण अळ्या शेकड्यांनी शिरल्या तर राळ तरी किती पुरणार? म्हणजे पाहायचे दोन गोष्टींकडे : यंदा किडे किती निघाले, आणि पावसाच्या तोंडावर रानात ओंडके किती पडून राहिले.

ओंडके दिसतात, किडे मोजायचे कसे? युक्ती मोठी नामी आहे. पावसाळ्यात एखादे शालाचे झाड पाडायचे, तुकडे करायचे आणि साल ठेचायची. रस पाझरला की वासाने भुंगेरे दुरून धावत येतात, रस पिऊन सुस्तावतात. मजूर ते वेचतात, मुंडकी मोडतात आणि मुंडक्यांच्या हिशेबाने मजुरी घेतात. किडाही मरतो आणि मोजणीही होते.

युरोपच्या डोंगरांतही सूचिपर्णी झाडांच्या सालीत असाच एक किडा राहतो. तो मुंगळ्याहूनही लहान. वादळाने झाडे पडली किंवा दुष्काळाने ती सुकली, की तो उठतो. तिथले वनाधिकारी वासाचे सापळे लावतात आणि उन्हाळ्याच्या दिवसांची ऊब मोजून किडा कधी उडेल ते काढतात.

एवढे ठाऊक असूनही १९९४ ते १९९९ मध्ये मध्य प्रदेशात पुन्हा ३० लाखांहून अधिक शालवृक्षांना कीड लागली. १९९७ साली तर हाहाकार उडाला. किडकी झाडे तोडायची किती, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. माझ्या मते अवघड आहे ते हेच : साथीच्या वर्षी मोजायला सगळेच धावतात, शांत वर्षी मोजणारा माणूस टिकत नाही.

आता आपल्याकडे. बाभळीच्या खोडात राहणारा, त्याच कुळातला एक लांब मिशांचा भुंगेरा द्राक्षवेलीतही शिरतो. त्याचीही वेळ मृगाच्या आसपासचीच. तेव्हा बागाईतदारांनी जूनपासूनच वेलीची सुटी झालेली साल काढावी, बुडाशी भुसा दिसतो का पाहावे, आणि सापडलेले भुंगेरे मारण्याआधी मोजावेत. आणि गुरुजी, शाळेत पावसाची नोंद ठेवीत असाल, तर तिच्याच शेजारी एक रकाना आखा : पहिला भुंगेरा कोणत्या तारखेला, कोणाच्या बागेत दिसला. मुले हे काम आनंदाने करतात; त्यांचे डोळे आपल्याहून तेजही असतात. यंदा एकही दिसला नाही, तर त्या रकान्यात शून्य लिहायला मात्र विसरू नका.