अलीच्या बागेतले पाणी

“काय रे, अलिबागहून आलास का?” हा प्रश्न महाराष्ट्रात कोणाला आणि कशासाठी विचारतात, हे वाचकांस सांगावयास नकोच. आमच्या लातुरात तर ज्यांनी अलिबाग नकाशातदेखील पाहिलेले नाही, असे लोकही तो बिनदिक्कत विचारतात. मीही वर्गात खिडकीबाहेर टक लावून बसणाऱ्या पोरांना तो कितीदा तरी विचारला असेल. २०१९ साली अलिबागकडच्याच एका गृहस्थांनी या वाक्प्रचारावर बंदी घालावी म्हणून मुंबईच्या उच्च न्यायालयात दाद मागितली, आणि न्यायालयाने ती मागणी फेटाळली. ती बातमी वाचून मी पोटभर हसलो होतो. पण गेल्या हिवाळ्यात शाळेची सहल घेऊन त्या गावी जाऊन आलो, तेव्हापासून तो प्रश्न माझ्या तोंडून काही निघत नाही.

आम्हा मराठवाड्याच्या माणसांना समुद्र म्हणजे दुसऱ्याच्या घरची वस्तू. निजामाचे राज्य एवढे अवाढव्य, पण १९४८ साली ते संपले तेव्हा त्याच्या पदरी वीतभरही किनारा नव्हता. पुढे १९५६ साली आम्ही मुंबई राज्यात आलो, १९६० साली महाराष्ट्र झाला, आणि कोकणचा सारा किनारा कागदोपत्री आमचाही झाला. कागदोपत्री म्हणतो, कारण माझ्या आईने समुद्र पाहिला तो सिनेमातच.

तर रात्रभर एस.टी.त अवघडून, पेण मागे टाकून, सकाळी आम्ही अलिबागच्या किनाऱ्यावर उतरलो. काळसर वाळू, मागे सुरूची झाडे, भेळेच्या गाड्या अजून झाकलेल्या, आणि समुद्र? समुद्र लांब कोठे तरी मागे सरलेला. ओहोटी होती. पोरे हिरमुसली. एकाने विचारले, “गुर्जी, इथंबी आटला का वो?” लातूरच्या पोराला पाणी मागे गेलेले दिसले की दुसरे काय सुचणार! समोर मात्र कुलाब्याचा किल्ला उभा होता, आणि ओल्या वाळूतून माणसे व घोडागाड्या खुशाल त्याच्याकडे चालल्या होत्या. समुद्रातल्या किल्ल्यावर पायी जायचे म्हटल्यावर पोरांची कळी खुलली.

अलिबागला आज जग हवा खाण्याचे ठिकाण म्हणून ओळखते. परंतु माथेरान जसे साहेबाने हवेसाठीच वसवले, तसे हे गाव नव्हे. हे आरमाराचे गाव. १६८० साली, आयुष्याच्या अखेरच्या दिवसांत शिवाजीमहाराजांनी हा किल्ला बांधायला घेतला आणि संभाजीमहाराजांच्या वेळी तो पुरा झाला. तटाचे मोठमोठे चिरे चुन्यावाचून नुसते एकावर एक रचले आहेत. लाट आदळली की पाणी फटींतून आत शिरते आणि तिचा जोर तेथेच जिरतो. पुढे कान्होजी आंग्रे सरखेल झाले आणि कुलाबा हे त्यांच्या आरमाराचे घर झाले. दस्तक घेतल्यावाचून या पाण्यातून गलबत न्यायचे नाही, हा त्यांचा नियम. इंग्रजांनी त्यांना चाचा ठरवले. आपल्या दारात पाहुण्याने विचारून यावे म्हणणारा माणूस पाहुण्याच्या वहीत चोरच ठरतो. १७२१ च्या डिसेंबरात इंग्रज आणि पोर्तुगीज दोघे मिळून कुलाब्यावर चालून आले. बाजीराव पेशवे मदतीला धावले. त्या स्वारीचा पार बोजवारा उडाला, आणि नवे वर्ष उजाडताच पोर्तुगिजांनी इंग्रजांना तसेच टाकून वेगळा तह उरकून घेतला. त्या वर्षी कोणी कोणाला ‘अलिबागहून आलात का’ असे विचारले असते, तर ऐकणाऱ्याने पागोटे सावरून मान ताठ केली असती! कान्होजी १७२९ साली वारले. त्यांची समाधी गावातच आहे. मग भाऊबंदकी, मग उतरती कळा. १८४० च्या सुमारास संस्थान खालसा झाले आणि आरमाराच्या गावाचे कचेरीचे गाव झाले. १८६९ साली कुलाबा जिल्हा झाला, १९८१ साली त्याचे नाव रायगड ठेवले. पण कचेरी अलिबागेतच राहिली.

किल्ल्यात राघोजी आंग्र्यांनी १७५९ साली बांधलेले सिद्धिविनायकाचे देऊळ आहे. तटावर चाकांच्या गाड्यांवर चढवलेल्या दोन विलायती तोफा आहेत, त्यांच्यावर १८४९ साल कोरलेले. पोरे तोफांवर चढून बसण्याच्या खटपटीत. मी एकेकाला खाली उतरवतोय, तोच सातवीतला एक मुलगा धावत आला. “गुर्जी, समुद्रात हीर हाय, अन् पानी गोड लागतंय!”

मला ठाऊक होते. पुस्तकात वाचले होते. तरीही ओंजळभर पाणी तोंडात घेतले तेव्हा अंगावर काटा आला. चहूकडे खारे पाणी आणि मधे ही विहीर. पावसाचे पाणी खडकात मुरते आणि हलके असल्यामुळे खाऱ्या पाण्याच्या वर राहते, असे मी मुलांना सांगितले. पण माझे मन दुसरीकडे होते. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाण्याची पहिली आगगाडी लातुरात आली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी, सुमारे साडेतीनशे किलोमीटरची वाट. फलाटावर लोकांनी हारतुरे घेऊन तिचे स्वागत केले होते. मीही त्या गर्दीत होतो. हा मुलगा तेव्हा चार वर्षांचा असेल. आजीच्या पदराला धरून टँकरच्या रांगेत उभा असलेला मी त्याला पाहिलेला आहे, शेजारीच राहतो. त्याने दप्तरातली बाटली काढली, होते ते पाणी ओतून दिले आणि विहिरीच्या पाण्याने ती भरून घेतली.

या गावाचे नावही पाण्यावरूनच पडले, हे मला तेथे कळले. अली नावाचा कोणी धनवान मनुष्य होऊन गेला. त्याने विहिरी खोदल्या, आंब्यानारळांच्या बागा लावल्या, म्हणून अलीची बाग. कोणी त्याला मुसलमान म्हणतात, कोणी बेने इस्रायल म्हणतात. बेने इस्रायल म्हणजे कोकणातले ज्यू. जवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून त्यांचे पूर्वज वर आले, अशी त्यांची परंपरा सांगते. तेलाचा घाणा चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. मराठी बोलणारे, मराठी नेसणारे. १९४८ नंतर बहुतेक इस्राएलला गेले. गावात इस्रायल आळी आणि १८४८ सालचे प्रार्थनामंदिर आहे. अली कोणाचा, याचा निकाल लावायला मी बसलो नाही. विहीर खोदणाऱ्याची जात लातूरच्या माणसाने विचारू नये.

दुपारी चौलला गेलो, आणि तेथे माझी मोठी गंमत झाली. चौल अलिबागहून जवळच. दोन हजार वर्षांमागे ग्रीक खलाशी त्याला सेमिल्ला म्हणत. त्यांच्या ज्या प्रवासवहीत हे नाव आहे, त्याच वहीत तगर नगराचेही नाव आहे. तगरचे कापड गाड्यांतून भडोच बंदराकडे जाई. तगर म्हणजे आमचे तेर, गोरोबाकाकांचे. तेथल्या संग्रहालयात हस्तिदंती बाईची एक छोटी मूर्ती आहे, तिची बहीण शोभावी अशी मूर्ती इटलीत पॉम्पेईच्या राखेत सापडली. पुढे या कोकणावर शिलाहार राजे आले, तेही स्वतःला ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवून घेत. त्यांचे धनी राष्ट्रकूट, ते म्हणत ‘लट्टलूरपुरवराधीश्वर’. लट्टलूर म्हणजे लातूर! दहाव्या शतकाच्या आरंभी अल्-मसूदी नावाचा अरब प्रवासी चौलला उतरला, तेव्हा गादीवर झंझ शिलाहार होता आणि त्याच्यावर राष्ट्रकूट. म्हणजे बंदर चौलचे, राजा तेरचे नाव लावणारा, सम्राट लातूरचे नाव लावणारा. आणि आम्ही मात्र समुद्र दुसऱ्याचा समजून बसलो होतो. मी हे सारे मोठ्या आवेशाने मुलांना सांगितले. मुलांना भूक लागली होती.

अलिबागची वेधशाळा बाहेरूनच पाहिली. मुंबईच्या कुलाब्याला पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद होत असे; विजेच्या ट्रामगाड्या येणार, त्यांनी सुया ढळणार, म्हणून १९०४ साली ते काम इकडे आणले. लोखंड टाळून बांधलेली ती इमारत. मुंबईच्या गडबडीपासून दूर म्हणून निवडलेले गाव!

आता ती गडबडच येथे आली आहे. २०२० पासून मोटार बोटीत घालून मुंबईकर तासाभरात मांडव्याला उतरतो. शनिवारी, रविवारी रस्त्यात पाय ठेवायला जागा नसते. मी मुंबईकराच्या सुखाला नावे ठेवत नाही. आम्हीही हवा खायलाच गेलो होतो. पण याच तालुक्यात चरीच्या कुळांनी खोतांविरुद्ध १९३३ पासून १९३९ पर्यंत शेते पडीक ठेवून संप केला, उपाशी राहिले, पण हटले नाहीत. ती जमीन आता कुंपणांआड जाताना पाहून पांढऱ्या कांद्याची माळ विकणारी कारल्या-खंडाळ्याकडची बाई काही बोलली नाही, मीच विचारले. “पोरं म्हणतात इकूया,” ती म्हणाली. “मी म्हटलं, विहीर तरी ठेवा.” मी दोन माळा घेतल्या. घासाघीस केली नाही.

परतताना भरती आली होती. सकाळी चाललो ती वाट पाण्याखाली गेली होती आणि किल्ला एकटाच उभा होता. पोरांनी खिडक्यांतून तो दिसेनासा होईपर्यंत पाहिला.

दुसऱ्या दिवशी लातुरात पोचलो. संध्याकाळी शेजारी गेलो तेव्हा म्हातारी ओट्यावर बसली होती, पुढे ती बाटली. समुद्रातले पाणी आहे, असे नातवाने सांगितलेले. तिने झाकणभर तोंडात घेतले, घोळवले, गिळले आणि मला विचारले, “गुर्जी, खरं सांगा. कुण्या आडाचं हाय हे?”