खिशातली शिदोरी

एकोणिसाव्या शतकातल्या लष्करी हिंदुस्थानीत काडतुसांच्या पेटीला ‘तोसदान’ म्हणत. मूळ फारसी शब्दाचा अर्थ शिदोरीचे पात्र. खिशातल्या पिस्तुलाच्या इतिहासात शस्त्राचे वर्णन पुष्कळ आढळते, त्याच्या शिदोरीचे मात्र थोडे. वास्तविक खरी अडचण तिचीच होती.

तोंडाकडून ठासायच्या पिस्तुलाला दारू, शिशाची गोळी आणि ठिणगीचे साधन अशा तीन वस्तू लागत. त्यासाठी तीन कप्प्यांची छोटी दारूदानी निघाली : एका कप्प्यात दारू, दुसऱ्यात गोळ्या, तिसऱ्यात गारगोट्या किंवा टोप्या. ती खिशात मावे. पण झटापटीत तिचा उपयोग जवळजवळ नव्हता.

एका बाराची दारू आणि गोळी कागदात गुंडाळण्याची युक्ती जुनीच. ‘काडतूस’ हा आपला शब्द पोर्तुगिजांकडून आला आणि त्याच्या मुळाशी ‘कागद’च आहे. याच चरबी लावलेल्या कागदाने १८५७ मध्ये हिंदुस्थानात भडका उडाला. योगायोग असा, की त्याच वर्षी अमेरिकेत स्मिथ अँड वेसनचे सात बारांचे छोटे रिव्हॉल्व्हर विक्रीस आले. त्याचे काडतूस धातूचे होते. दारू, गोळी आणि ठिणगी एकाच नळीत. मूठभर काडतुसे कोटाच्या खिशात टाकली की झाले. त्याआधीच्या लफोशो पद्धतीच्या काडतुसाची खीळ बाहेर डोकावत असल्याने ते असे सुटे बाळगणे धोक्याचे होते.

तरीही १४ एप्रिल १८६५ रोजी वॉशिंग्टनच्या फोर्ड नाट्यगृहात जॉन विल्क्स बूथने अब्राहम लिंकन यांच्यावर झाडले ते जुन्या धाटणीचे एकबारी डेरिंजर. पुढची भिस्त सुऱ्यावर होती; मेजर रॅथबोन यांच्यावर त्याने सुराच चालवला.

पुढे ब्राउनिंगच्या १९००च्या पिस्तुलात सात काडतुसांची पेटी मुठीतच बसली. भरलेली दुसरी पेटी खिशात ठेवली, की शिदोरी दुप्पट. सावरकरांनी लंडनहून चतुर्भुज अमीन यांच्याबरोबर अशी वीस ब्राउनिंग पिस्तुले काडतुसांसह पाठवली. त्यांपैकी एकाने २१ डिसेंबर १९०९ रोजी अनंत कान्हेरे यांनी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सनचा वध केला.

दोन्ही घटना नाट्यगृहातल्या, मधे चव्वेचाळीस वर्षे. दोन्हींचे हेतू एका तराजूत तोलता येणार नाहीत. पण हातातले साधन बदलले होते. पहिल्या आणि दुसऱ्या बारामध्ये पूर्वी जी फट असे, तिच्यात कुणी हात धरू शके, कुणी पळू शके, क्वचित मारणाऱ्याचे मनही पालटू शके. काडतूस आणि पेटी यांनी ती फट बुजवली. इतिहासकार तिला सोय म्हणतात. पण पिस्तुलाच्या तोंडासमोर उभे असणाऱ्याला ती सोय म्हणून दिसली नसेल, हेही लिहून ठेवायला हवे.