फाइल-मॅपिंगची वाटचाल : अ‍ॅटलासपासून सनओएसपर्यंत

संगणकाची मुख्य मेमरी जलद परंतु महाग आणि अपुरी, तर ड्रम किंवा डिस्क प्रशस्त परंतु मंद, त्यामुळे या दोहोंमध्ये माहितीची ने-आण करणे हे प्रारंभीच्या काळात प्रोग्राम लिहिणाऱ्याचेच कष्टाचे काम होते. मँचेस्टर विद्यापीठात टॉम किलबर्न यांच्या नेतृत्वाखाली घडलेल्या आणि १९६२ मध्ये कार्यान्वित झालेल्या अ‍ॅटलासने ते यंत्राकडे सोपवले : मेमरीचे ५१२ शब्दांचे समान तुकडे, म्हणजे ‘पेज’, पाडून जे लागेल ते ड्रमवरून आपोआप आणले जाई आणि प्रोग्रामला दोन्ही साठे एकच भासत.

हे एकत्व फाइलींपर्यंत नेले ते एमआयटी, बेल लॅब्ज आणि जनरल इलेक्ट्रिक यांच्या मल्टिक्स प्रकल्पाने. तेथे फाइल म्हणजे ‘सेगमेंट’, अर्थात मेमरी-पत्त्यांचा एक सलग पट्टा असे, आणि तो प्रोग्रामला जोडला की त्यातील मजकूर चालू कामातील इतर माहितीसारखाच थेट हाताळता येई. बेल लॅब्जने १९६९ मध्ये या प्रकल्पातून अंग काढून घेतल्यावर केन टॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी यूनिक्स रचली, ती मात्र लहान यंत्रांवर. पीडीपी-११ च्या १६ बिटांच्या पत्त्याचा पल्ला ६४ किलोबाइटांपुरताच असल्याने ‘रीड’ आणि ‘राइट’ या आज्ञांनी फाइलीचा हवा तेवढा अंश मेमरीत नकलून घेणे हीच तेथे सोयीची रीत होती.

३२ बिटांचे व्हॅक्स संगणक १९७७ मध्ये आले आणि हा अडसर सरला. बर्कलीच्या ४.२बीएसडी या यूनिक्स-आवृत्तीच्या (१९८३) दस्तऐवजांत फाइलीचा भाग पत्त्यांशी जोडणारी ‘एम-मॅप’ ही आज्ञा वर्णिलेली होती, पण ती प्रत्यक्षात उतरली नव्हती. ते काम सन मायक्रोसिस्टिम्समध्ये झाले : गिंगेल, मोरान आणि शॅनन यांनी १९८७ मध्ये मांडलेली मेमरी-रचना सनओएस ४.० मध्ये अवतरली, फाइलीचे पेज वापर होताच डिस्कवरून येऊ लागले आणि लायब्ररीतील कोडची मेमरीतील एकच प्रत अनेक प्रोग्रामांना पुरू लागली. पुढे १९९३ च्या पॉझिक्स मानकातही या आज्ञेला स्थान मिळाले.

म्हणून एम-मॅपला यूनिक्सची नवी निर्मिती म्हणणे इतिहासाला धरून नाही. मल्टिक्सने सिद्ध केलेली आणि लहान यंत्रांवर बाजूला पडलेली ही कल्पना पत्त्यांचा पल्ला वाढल्यावर यूनिक्सने पुन्हा स्वीकारली, आणि तिचे मूळ श्रेय मल्टिक्सच्या रचनाकारांनाच द्यायला हवे.