गार चाक आणि बधिर बोटे

शिरूर आणि दौंड हे पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडचे, भीमेच्या दोन काठांवरचे तालुके. दिवाळी सरली की येथील रस्त्यांवर उसाने भरलेले ट्रॅक्टर दिसू लागतात आणि त्यांची रात्रंदिवस ये-जा पुढे कित्येक महिने चालू राहते. गाळपाचा हंगाम आणि थंडीचा हंगाम असा एकच. पहाटे उघड्या ट्रॅक्टरवर बसून दोन ट्रॉल्यांचे ओझे ओढणाऱ्या चालकाच्या अंगात स्वेटर असतो, कानांना मफलर असतो. हात मात्र स्टिअरिंगवर उघडेच असतात. बोटे बधिर झाली की चाक वेळेवर वळत नाही. मागे उसाचा भार आणि समोरून शाळेला निघालेली सायकलवरची मुले असताना ही गोष्ट किरकोळ म्हणता येत नाही.

बैलगाडी हाकणाऱ्याला ही अडचण एवढी नव्हती. कासरा घोंगडीच्या आतूनही धरता येतो आणि बैलांना वाट ठाऊक असते. सुरुवातीच्या मोटारगाड्या एका दांड्याने वळवत. 1894 साली पॅरिस ते रूआँ या मोटारींच्या चढाओढीत आल्फ्रेड वाशरॉन याने आपल्या गाडीला दांड्याऐवजी गोल चाक बसवले. पुढे हे चाक सर्वत्र रूढ झाले आणि चालकाचे दोन्ही हात उघड्यावर आले ते कायमचेच.

या गार चाकापाशी तीन प्रश्न उभे राहतात. चाक इतके गार का होते? ते हाताला हवेहूनही गार का लागते? आणि अंग उबदार असताना बोटेच का बधिर होतात? यांची उत्तरे वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या शास्त्रांनी दिली. त्यांपैकी एका उत्तराचा संबंध थेट पुण्याशी आहे.

चाक गार का होते?

रात्रभर उघड्यावर उभ्या असलेल्या ट्रॅक्टरचे चाक सकाळी ओले असते. दव आकाशातून पडते की जमिनीतून वर येते, यावर विद्वानांत पूर्वी बराच वाद होता. लंडनमधील एक वैद्य विल्यम चार्ल्स वेल्स याने लोकरीचे सारख्या वजनाचे पुंजके रात्री बागेत ठेवून सकाळी ते पुन्हा तोलले. उघड्या आकाशाखालच्या पुंजक्यावर जास्त दव जमे, आडोशाखालच्या पुंजक्यावर कमी. तापमापी लावून त्याने दाखवले की निरभ्र रात्री उघड्यावरची वस्तू आपली उष्णता आकाशाकडे प्रारणाने गमावते आणि भोवतालच्या हवेपेक्षाही गार होते. दव हा या गारठ्याचा परिणाम आहे, कारण नव्हे. त्याचा हा निबंध 1814 साली प्रसिद्ध झाला आणि त्याबद्दल रॉयल सोसायटीने त्याला रम्फर्ड पदक दिले.

पुण्यात या विषयाचा पुढचा अध्याय लिहिला गेला. हवामान खात्याचे मुख्यालय 1928 साली सिमल्याहून पुण्यास आले. तेथे सी. व्ही. रामन यांचे विद्यार्थी एल. ए. रामदास हे शेतीच्या हवामानशास्त्राचा अभ्यास करू लागले. शांत, निरभ्र रात्री सर्वांत गार हवा जमिनीला चिकटून असणार, अशी तोवर समजूत होती. रामदास आणि त्यांचे सहकारी आत्मनाथन यांनी 1932 साली दाखवले की उघड्या जमिनीवर सर्वांत गार थर जमिनीपासून साधारण वीतभर ते हातभर उंचीवर असतो. अनेकांना ही मोजमापातली चूक वाटली. पण निरीक्षण खरे ठरले आणि हा थर ‘रामदास थर’ म्हणून ओळखला जाऊ लागला. 1993 साली रोद्दम नरसिंह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा गणिती सिद्धान्त मांडला. पुण्याचे 1.7 अंश सेल्सिअस हे विक्रमी नीचांकी तापमान 17 जानेवारी 1935 चे, म्हणजे याच अभ्यासाच्या काळातले.

ट्रॅक्टरचे चाक रामदास थराच्या बरेच वर असते, हे खरे. पण या कामातून एक धडा मिळतो. वर्तमानपत्रातले किमान तापमान पांढऱ्या जाळीदार पेटीत ठेवलेल्या तापमापीचे असते. उघड्या आकाशाखालच्या लोखंडाचे तापमान त्याहून कमी असू शकते. शिरूर-दौंडकडे हिवाळ्यात हवा कोरडी आणि आकाश निरभ्र, त्यामुळे प्रारणाने उष्णता निघून जाण्यास मोकळे रान मिळते.

हाताला जास्त गार का लागते?

शेजारीशेजारी ठेवलेले लोखंड आणि लाकूड एकाच तापमानाला असतात, तरी लोखंड जास्त गार लागते. 1780 च्या दशकात यान इंगेनहाऊस याने सारख्या जाडीच्या निरनिराळ्या धातूंच्या तारांना मेण लावले, त्यांची टोके गरम तेलात बुडवली आणि मेण कुठवर वितळते ते पाहिले. धातूधातूंची उष्णतावाहकता वेगळी असते, हे त्यातून डोळ्यांना दिसले. 1822 साली फूरिए याने उष्णतावहनाचे गणित मांडले.

त्या गणिताने एक अंदाज करता येतो. हाताची त्वचा 30 अंशांवर आणि चाक 8 अंशांवर आहे असे धरू. चाक जाड लोखंडाचे असेल तर स्पर्शाच्या पहिल्या क्षणी त्वचेचा पृष्ठभाग 10 अंशांच्या आसपास येतो. कडक प्लॅस्टिकचे असेल तर 22 आणि लाकडाचे असेल तर 24. म्हणून चाकावरचे प्लॅस्टिक तडकून आतले लोखंड उघडे पडले की त्या जागी हात ठेववत नाही.

बोटेच का बधिर होतात?

थंडीत शरीर आधी छाती-पोटाची ऊब सांभाळते आणि बोटांकडे जाणारा रक्तप्रवाह आखडता घेते. ब्रिटिश वैद्य थॉमस लुईस याने 1930 साली बर्फाच्या पाण्यात बोटे बुडवून पाहिली. काही मिनिटांनी रक्तवाहिन्या आपोआप रुंदावतात, बोट थोडे गरम होते, पुन्हा गार होते, असे चक्र त्याला आढळले. पण ही मदत तुटपुंजी असते. बोटांची त्वचा साधारण 15 अंशांखाली गेली की बारीक हालचालींतली सफाई कमी होते.

गारवा त्वचेला कळतो कसा, हे मात्र 2002 साली उलगडले. डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पातापूतियान यांच्या प्रयोगशाळांनी मज्जातंतूंतील एक प्रथिन शोधले. ते गारव्याने जागे होते आणि पेपरमिंटमधील मेन्थॉलनेही. पेपरमिंटची गोळी तोंडात ‘थंड’ का लागते, याचेही उत्तर त्यातच मिळाले. तापमान व स्पर्श यांच्या संवेदनांवरील कामासाठी या दोघांना 2021 सालचे नोबेल पारितोषिक मिळाले.

चालकांचे उपाय

आता चालकांचे नेहमीचे उपाय तपासून पाहू. रात्री स्टिअरिंगवर गोणपाट टाकणे म्हणजे वेल्सच्या बागेतला आडोसाच. चाकाला सुती पट्टी घट्ट गुंडाळणे किंवा कव्हर चढवणे म्हणजे फूरिएच्या गणितातली वाहकता कमी करणे. निघण्यापूर्वी दहिवर पुसून काढणेही तितकेच आवश्यक, कारण एक ग्रॅम पाणी वाळताना सुमारे 580 कॅलरी उष्णता नेते आणि ती हातातून जाते. तिसऱ्या प्रश्नाला उत्तर अंगातल्या जाड बंडीचे. छाती-पोट उबदार राहिले तर शरीर बोटांकडचे रक्त तितके आखडत नाही. थंड देशांतल्या काही मोटारींच्या चाकात विजेची तार घालून ते तापवतात. आपल्याकडे गोणपाट, पट्टी आणि बंडी यांवर बरेच काम भागते. मात्र पट्टी सैल असू नये आणि हातमोजा गुळगुळीत नसावा. पकड सुटली तर ऊब काय कामाची?

वर्गात करण्याजोगा प्रयोग सोपा आहे. डिसेंबरातल्या निरभ्र रात्री दोन सारखे स्टीलचे पेले अंगणात ठेवावेत, एक उघड्यावर आणि दुसरा खाटेखाली. सकाळी कोणता जास्त गार आणि ओला आहे ते मुलांनी हात लावून सांगावे आणि मग तापमापीने पडताळावे. ज्यांच्या घरी ट्रॅक्टर आहे, त्या मुलांनी गोणपाट टाकलेले आणि न टाकलेले स्टिअरिंग पाहावे. त्या मुलाने घरी सांगितलेली गोष्ट कदाचित रस्त्यावर कुणाच्या तरी उपयोगी पडेल.