आत्याचा वाडा

वाईच्या बाजाराला गेलं की आबा आधी कृष्णेच्या घाटावर नेत. ढोल्या गणपतीच्या देवळामागं उभं करून म्हणत, "बघ, भित्त माशागत हाय. पूर आला की पाणी दोन्ही अंगाला फुटतं." गणपतराव रास्त्यांनी 1762 साली बांधलेलं हे दगडी देऊळ असे कितीतरी पूर सोसून उभं आहे.

गावातल्या वाड्यांचं तसं नव्हतं. दगडी जोतं, लाकडी सांगाडा, विटामातीच्या भिंती अन् चुन्याचा गिलावा. त्यांना दरसाल माणसाचा हात लागे. 1947 च्या कायद्यानं भाडी गोठली, वाटेकरी मात्र वाढत गेले. तुटपुंज्या भाड्यात शाकारणी कोण करणार? पाणी भिंतीत उतरलं.

आत्याच्या वाड्याची भिंत ओल धरू लागली, तेव्हा आम्हीच तिला सिमेंट फासलं. आबा जुने गवंडी. म्हणाले, "चुना पाणी पितो आन् वाळवतो बी. शिमीट आत कोंडून ठेवतं." आम्ही हसलो. तिसऱ्या पावसाळ्यात गिलावा सुटला अन् आतल्या विटांचा भुगा हाती आला. वाडा उतरवावा लागला. शेजारची भिंत उघडी पडली. पुढं तो वाडाही गेला.

नुसती दर्शनी कमान राखून आळीचं रूप राहत नाही. चुना मळणारा गवंडी हवा, शाकारणीला पैसा हवा, अन् तिन्हीसांजेला आत दिवा लावणारं माणूस हवं.

आत्याच्या वाड्याचं जोतं अजून आहे. वाईला गेलो की घटकाभर त्यावर टेकतो.